घराखालची भिंत

मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर या. मनातल्या मनात एका लाकडी जमिनीवर पालथं पडा आणि गाल फळीला टेकवा. या फळ्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. दोन फळ्यांच्या मध्ये करंगळी जाईल एवढी फट आहे. एक डोळा मिटून फटीतून खाली बघा. दीड पुरुष खाली मातीची जमीन दिसेल. तिथे एक कोंबडी पंख सैल सोडून धुळीत बसली आहे, एक गाय रवंथ करते आहे, आणि खांबाला बांधलेल्या झोळीतून कुणाचा तरी पाय लोंबतो आहे. आता डोळा बाजूला करा आणि तिथे कपाळ टेकवा. लागला वारा? खालून वर येणारा, ओल्या मातीचा जरासा वास असलेला. बाहेर एप्रिलचं ऊन असं पडलंय की कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायला तयार नाहीत, आणि तुमच्या कपाळावरचा घाम मात्र सुकतो आहे.

दहा वर्षांची कोलाप शाळेतून आली की रोज हेच करायची.

थ्नोतचुम गावातलं ते घर तिच्या ताने, म्हणजे आजोबांनी, स्वतः बांधलं होतं. ता न्हेम सुतार. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. खांबांवर उचललेली, पूर्वेकडे तोंड केलेली. रात्री वर निजायचं आणि दिवस सगळा घराखालच्या मोकळ्या जागेत काढायचा. चटया विणणं, भाजी निवडणं, भांडण, दुपारची झोप, सगळं तिथेच. अख्ख्या घरात विजेचे दोन दिवे आणि एक जुना पंखा. तो पंखाही वर्षातून पंधरा दिवस लागला तर लागला.

"ता, तुम्ही फळ्यांत फटी का ठेवल्या?" कोलापने एकदा विचारलं होतं.

"वर भात सांडला तर कोंबड्या उपाशी राहू नयेत म्हणून," ता म्हणाले होते.

मग जानेवारीत ता न्हेम यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. प्रांताच्या मोठ्या दवाखान्यात ते सात आठवडे होते. तेवढ्या काळात घरात एकच प्रश्न फिरत होता. जिना चढू न शकणाऱ्या माणसाला ठेवायचं कुठे?

उत्तर दिलं मिंग सोखोमने. मिंग म्हणजे मावशी, कोलापच्या आईची धाकटी बहीण. राजधानीत कपड्यांच्या कारखान्यात सात वर्षं शिवणकाम करत होती. तिने फोनवरून सांगितलं, "घराखाली पक्की खोली बांधायची. विटांची. एसी लावायचा. पैसे मी पाठवते. बाबांना सांगू नका, घरी आले की बघू दे त्यांना."

आमच्याकडे तेव्हा तीच हवा होती. ज्याच्या घरातलं कुणी शहरात कमावतं, तो घराखालची जागा विटांनी बंद करून घ्यायचा. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायला हवं की हे घर आता नुसत्या खांबांवर उभं नाही. गवंडी हेनकडे वर्षभराची कामं रांगेत होती. त्याने गाय बाहेर बांधली, झोळ्या काढल्या आणि चारी बाजूंनी भिंती चढवल्या. एक लोखंडी दार. एक काचेची सरकती खिडकी. खाली चकचकीत फरशी.

शेजारची येय मोम, म्हणजे मोमआजी, रोज कुंपणापाशी येऊन बघायची. सत्तरी उलटलेली बाई, दात चारच, पण जीभ पूर्ण शाबूत.

"काय गं थिदा," ती कोलापच्या आईला म्हणाली, "आता तुझ्या कोंबड्यांनी आत यायचं तर दार वाजवायचं का?"

"येय, तुमच्या कोंबड्या वाजवतील. आमच्या शिकलेल्या आहेत, चपला बाहेर काढतात."

दोघी हसल्या. घर सगळंच त्या दिवसांत खुशीत होतं. वाईट हेतूने बांधलेली ती भिंत नव्हती, हे लक्षात ठेवा. तिच्यातली एकेक वीट मायेनेच बसवलेली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोटारसायकलला जोडलेल्या गाड्यातून ता न्हेम घरी आले. कोलापच्या बाबांनी, वुथने, त्यांना धरून उतरवलं. ता जावयाच्या अंगावर भार देऊन उभे राहिले आणि भिंतीकडे बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी विटांवरून फिरवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आईच्या हातातल्या फोनवर मिंग सोखोमही बघत होती.

"हेनने ओळंबा नीट धरलाय," ता म्हणाले. "भिंत सरळ आहे."

फोनमधून मिंग सोखोम रडायलाच लागली, आनंदाने. तिला वाटलं, बाबांना आवडलं. कोलापलाही तसंच वाटलं. सुताराने एखाद्या कामाची दुसरी कोणतीच गोष्ट न बोलता नुसता सरळपणा वाखाणला, तर त्याचा अर्थ काय होतो, हे कळायचं तिचं वय नव्हतं.

एसी सुरू असला की खोली थंड असायची, यात खोटं काही नाही. पण महिना संपला आणि बिल आलं. बाबांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. पूर्वीच्या आठपट होतं. शिवाय आता वर निजतानाही रात्रभर पंखा लागायचा. कोलापने फळीला कपाळ टेकवून पाहिलं होतं. फटीतून काहीच येत नव्हतं. खाली नुसता अंधार दिसायचा, आणि गरम भांड्यावरचं झाकण उचलावं तसा उबारा तोंडावर यायचा.

"मी ओव्हरटाईम वाढवून घेतलाय," मिंग फोनवर आईला म्हणाली. थोरल्या बहिणीला ती बाँग म्हणायची. "बिलाकडे बघू नका बाँग. बाबांची खोली थंड राहिली पाहिजे, बस."

हे सगळं ता पलंगावरून ऐकत होते.

त्यानंतर दोनच दिवसांनी कोलाप अकरा वाजता शाळेतून आली. आईबाबा कलिंगडाच्या शेतात होते. तिने लोखंडी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली. एसीचा आवाज नव्हता. आत हवा अशी दाटली होती की ती हाताने बाजूला सारावी लागेल असं वाटलं. ता पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. सदरा भिजून अंगाला चिकटला होता, तोंड विटेसारखं लाल.

"ता! लाईट गेली?"

"हं, गेली."

पण कुंपणापलीकडे येय मोमचा रेडिओ जोरात गात होता. कोलापने उशीकडे पाहिलं. उशीखालून रिमोटचं पांढरं टोक डोकावत होतं.

"तुम्हीच बंद केला."

ता डाव्या हाताने ते टोक आत सारायला लागले.

"तुम्ही खोटं बोललात, ता!"

"हळू बोल. त्या कोंबडीला ऐकू जाईल, मग येय मोमला, मग अख्ख्या गावाला." ता हसले, पण हसताना त्यांना धाप लागली. "बस इथे. तुझी मिंग दहा तास यंत्रावर वाकते. आता बारा तास. ती हा एसी चालवण्यासाठी वाकते. मी एकटा असतो तेव्हा कशाला चालवायचा?"

"मग मी तुम्हाला बाहेर नेते. आंब्याखाली पलंग टाकू."

"आणि येणारेजाणारे काय म्हणतील? पोरीने पोटाला चिमटा काढून खोली बांधली, आणि म्हातारा झाडाखाली बसतो. तिच्या कानावर दुसऱ्याच दिवशी जाईल." त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. "कुणाला सांगायचं नाही. मला वचन दे."

कोलापने वचन दिलं. दुसरं काय करणार? तिने क्रामा, म्हणजे तो आपला चौकटीचा पंचा, पाण्यात बुडवून त्यांच्या मानेवर ठेवला आणि पुठ्ठ्याने वारा घालायला लागली. पण पुठ्ठ्याने हलत होती तीही गरमच हवा.

"ता, आधी इथे गार कसं असायचं? तेव्हा तर एसी नव्हता."

ता न्हेम यांचे डोळे जरा उजळले. हा त्यांच्या धंद्यातला प्रश्न होता.

"देवापुढची एक उदबत्ती आण. पेटव. आता हलू नकोस. धूर कुठे जातो बघ."

धूर काठीसारखा सरळ वर गेला आणि छताजवळ जाऊन तिथेच साचून राहिला.

"आता बाहेर जा. दक्षिणेच्या खांबापाशी उभी राहा."

कोलाप बाहेर गेली. तिथे धूर उभाच राहीना. तो आडवा होऊन भिंतीवर जायचा, भिंतीला आपटायचा आणि गोंधळून दोन्हीकडे फाटायचा. तिने आत येऊन सांगितलं.

"उन्हाळाभर वारा तळ्याकडून येतो," ता म्हणाले. "नैर्ऋत्येकडून. घराखालून निघून जाताना तो सावलीतल्या मातीवरून जातो. तिथे गार होतो, थोडा फटींतून वर चढतो, बाकीचा पलीकडे जातो. आपण काही करायचं नसतं, त्याच्या वाटेत आडवं यायचं नाही एवढंच. आणि वीट म्हणजे पोरी, दिवसभर ऊन खाते आणि रात्रभर ते आपल्याला परत देते." मग हळूच म्हणाले, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मी तेव्हा दवाखान्यात होतो, आणि त्यांना मला खूश करायचं होतं."

त्या दिवसापासून कोलाप शाळा सुटली की धावत यायची. आई परतायच्या आत ती एसी लावायची, ताचा सदरा बदलायची, ओला सदरा मागे वाळत घालायची. आईला वाटायचं, पोर किती गुणाची.

आमचं नववर्ष एप्रिलच्या मध्यावर येतं. त्याच्या आधी पाच दिवस ती शाळेतून आली, तेव्हा ता पलंगावरून खाली घसरलेले होते. डोळे अर्धे उघडे, अंग तापलेल्या तव्यासारखं, आणि घाम मुळीच नाही. कोलाप किंचाळली. कुंपणापलीकडून येय मोम धावत आली, तिचा नातू आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेला घेऊन आला. त्यांनी ताला उचलून आंब्याखाली नेलं, अंगावर पाणी ओतलं, काखेत ओले कपडे ठेवले. दोन तासांनी ता शुद्धीवर आले आणि त्यांनी कोलापला नावाने हाक मारली.

"उष्माघात आहे," परिचारिका आईला म्हणाली. "या वयात, अर्धांग झालेल्या माणसाला एवढी गरमी? पुन्हा असं झालं तर ते डोळे उघडतीलच असं मी सांगू शकत नाही. एसी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे हो. लाईट गेली असेल," आई रडत म्हणाली.

पलीकडे येय मोमचा रेडिओ अजून गातच होता. तिने तोंड उघडलं, कोलापकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

मिंग सोखोम नववर्षाच्या आदल्या दिवशी आली, एका व्हॅनमध्ये एकोणीस जणांबरोबर कोंबून. तिने ताला नवा सदरा आणला, कोलापला वही आणि रंग. ती बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. संध्याकाळी शेजारीपाजारी खोली बघायला आले, एसी जोरात सुरू होता, आणि हेन गवंडी स्वतःच्याच भिंतीवर थापा मारून दाखवत होता.

"गार आहे ना बाबा?" मिंगने विचारलं.

"गार आहे, पोरी."

"ऐका मग. पावसाळ्यापर्यंत मी रात्रपाळीही घेतलीय. वरच्या फळ्यांच्या फटी बुजवून घेऊ आणि वर दुसरा एसी लावू. मग बाँगलाही पंख्याखाली तळमळायला नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ताही हसले. फक्त त्यांचा डावा हात पलंगाची कड घट्ट धरून होता, आणि ते कोलापने पाहिलं. रात्रपाळी म्हणजे मिंग झोपणार कधी? आणि दुसऱ्या एसीचं बिल आलं की ता पहिला अजून किती तास बंद ठेवणार? तिला आंब्याखालचे ते अर्धे उघडे डोळे आठवले.

दुसऱ्या दिवशी आईबाबा भिक्खूंसाठी जेवण घेऊन मठात गेले. ताजवळ मिंग थांबली. दुपारचे बारा झाले. कोलाप खोलीत आली, तिने उशीखालून रिमोट काढला, एसी बंद केला. मग लोखंडी दार ओढून घेतलं, खिडकी सरकवून बंद केली आणि फरशीवर मांडी घालून बसली.

"हे काय गं?" मिंग हसली. "खेळ आहे का नवीन वर्षाचा?"

"कोलाप!" ता ओरडले.

"मी काहीच सांगितलेलं नाही, ता," कोलाप म्हणाली. "मिंग, तू इथे बस. उठू नकोस. नुसती बस."

मिंग बसली. पहिली दहा मिनिटं ती थट्टा करत होती. सणाला लावलेली पावडर घामाने ओघळायला लागली तेव्हा म्हणाली, "बघ, भूत झालं माझं." मग ती बोलायची थांबली. पाठ भिंतीला टेकली आणि झटकन पुढे झाली. तिने तळवा विटांवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"आमची शेड," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "एप्रिलमध्ये आमच्या शेडमध्ये अगदी असंच होतं. मुली यंत्रावरच पडतात." तिने ताकडे पाहिलं. त्यांचा नवा सदरा छातीवर काळपट ओला झाला होता. श्वास तोंडाने चालला होता. कोलाप उठली आणि रोजच्यासारखी क्रामा भिजवून त्यांच्या मानेवर ठेवायला गेली. तिच्या हाताची ती सवय मिंगने पाहिली.

"किती दिवस?" मिंगने विचारलं.

कोलापने क्रामाची घडी नीट केली.

"बाबा, किती दिवस?"

"पहिलं बिल आलं तेव्हापासून," ता म्हणाले.

"म्हणजे त्या दिवशी पडलात ते लाईट गेली म्हणून नाही."

"नाही."

मिंगने उठून दार धाडकन उघडलं. "खोटारडा म्हातारा!" ती ओरडली. "मी तिकडे रात्रंदिवस कुणासाठी बसते? तुम्ही इथे भाजून मरण्यासाठी? तुम्ही मेलात तर त्या एसीचं मी काय करू, सांगा ना!"

ता डाव्या हाताने भिंत चाचपत राहिले. मग म्हणाले, "भिंत सरळ आहे, सोखोम. चांगली आहे. जागा चुकली फक्त."

मिंग उंबऱ्यात बसून रडली. आपण काय बांधलं ते तिला कळलं होतं, आणि ते कळणं सोपं नव्हतं. सात वर्षांतली दोन वर्षं त्या विटांत गेली होती. बाहेर रस्त्यावर लोक नव्या कपड्यांत जात होते. शेवटी तिने क्रामाने तोंड पुसलं.

"पाडली तर घर पडेल?"

"घर माझ्या खांबांवर उभं आहे," ता म्हणाले. पुन्हा त्यांच्या आवाजात सुतार बोलला. "भिंतीवर एका खिळ्याचाही भार नाही. सगळी पाडू नकोस. तळ्याकडची बाजू आणि तिच्या समोरची बाजू, गुडघ्यापासून वर मोकळी कर. वुथ बांबूची जाळी बसवेल, मी सांगेन तशी. फरशी राहू दे, छान आहे, पायाला गार लागते. आणि विटा फुकट जाणार नाहीत. पाण्याच्या रांजणांखाली ओटा हवाच आहे, दर पावसाळ्यात चिखल होतो तिथे."

"लोक हसतील बाबा."

"दोन दिवस हसतील. तिसऱ्या दिवशी दुपारी झोपायला इथेच येतील."

मिंग घरामागे गेली आणि ताची हत्यारांची पेटी ओढत घेऊन आली. छिन्नी-हातोडीचे पहिले घाव ऐकून येय मोम कुंपणापाशी आली.

"अगं बायांनो! नववर्षाच्या दिवशी कुणी हातोडा उचलतं का? वर्षभर राबत राहशील!"

"तशीही राबणारच आहे, येय," मिंग म्हणाली. "निदान आज घरासाठी राबते."

येय मोमने खोलीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग ती आपल्या घरातून बसायचं एक स्टूल घेऊन आली आणि म्हणाली, "यावर चढ. आणि डोळ्यांत जाईल ते, मान वळवून मार."

"वरच्या ओळीपासून," ता पलंगावरून सांगत होते. "विटेवर नाही, सांध्यात. सांध्यात मार."

मिंगला शिलाईची सवय, हातोडीची नाही. दोनदा घाव चुकला, एकदा बोटावर बसला. चौथ्या की पाचव्या घावाला चुना भुरभुरला आणि तुळईखालची एक वीट हलली. तिने ती हाताने ओढून काढली आणि खाली कोलापच्या दिशेने धरली.

वीट गरम होती. कोलापने ती क्रामात गुंडाळली, दोन्ही हातांनी छातीशी धरून रांजणांपाशी नेली, सावलीत नीट आडवी ठेवली, आणि दुसरी आणायला वळली.